मूलपेशींच्या संशोधनात यायचंय? आधी पेशी आणि आजार ठरवा

स्टेम सेलवर, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या इतर पेशी तयार होतात त्या मूलपेशींवर, काम करायचंय म्हणून बीएस्सी-एमएस्सीची मुलं भेटायला येतात, तेव्हा मी पहिल्यांदा एकच विचारते: कुठल्या पेशी आणि कुठला आजार? बहुतेकांनी तिथवर विचार केलेला नसतो. बारावीच्या पुस्तकात एक परिच्छेद वाचलेला असतो, एखाद्या जाहिरातीत 'कोणताही आजार बरा' असं पाहिलेलं असतं, आणि त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उत्सुकता तयार झालेली असते. उत्सुकता चांगलीच. पण या क्षेत्रात रक्ताच्या मूलपेशी, डोळ्याच्या, मेदातून किंवा नाळेतून काढलेल्या, भ्रूणाच्या आणि प्रयोगशाळेत घडवलेल्या, या सगळ्यांचे रस्ते निरनिराळे आहेत. त्यांचे गाइड वेगळे, तंत्रं वेगळी आणि रुग्णापर्यंत पोहोचायला लागणारा वेळही वेगळा.

माझं उत्तर गावानेच दिलं होतं. मी गोंदियाकडची. आमच्या वर्गात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची, मुलं होती. थंडी पडली की त्यांचे सांधे दुखायला लागायचे आणि बाक रिकामे व्हायचे. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको. त्यामुळे एमएस्सीनंतर मी रक्ताकडेच गेले, आणि आजही नवीन मुलांना सुरुवात तिथूनच करायला सांगते, कारण सगळ्यात पक्का पुरावा रक्तातच आहे.

1961 साली टोरंटोत टिल आणि मॅककलक यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना अस्थिमज्जेच्या पेशी टोचल्या आणि त्यांच्या प्लीहेवर उठलेल्या गाठी मोजल्या. एकेका पेशीपासून रक्ताच्या निरनिराळ्या पेशी तयार होऊ शकतात, हे त्या मोजणीतून पुढे आलं. त्यांचे मूळ पेपर जरूर वाचा. साध्या मोजणीतून केवढा निष्कर्ष काढता येतो, हे शिकायला त्याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. माणसातल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी डोनल थॉमस यांना 1990 चं नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 1983 सालीच बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं होतं.

सिकलसेलमध्येही सख्ख्या भावंडाचं एचएलए (शरीराला आपलं-परकं ओळखायला लावणारी पेशींवरची खूण) जुळलं, तर प्रत्यारोपणाने आजार बरा होतो. अडचण अशी की एका भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. म्हणून रुग्णाच्याच पेशी काढून त्यांच्यातलं जनुक बदलायचं आणि त्या परत द्यायच्या, ही वाट निघाली. नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता दिली, पुढच्याच महिन्यात अमेरिकेने. बीसीएल11ए या जनुकाने लावलेला लगाम सैल करून शरीराला पुन्हा गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बनवायला लावायचं, ही त्यातली युक्ती. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे, आणि पेशी परत देण्याआधी रुग्णाला जबर केमोथेरपी सोसावी लागते. गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या आश्रमशाळेतल्या मुलीपर्यंत हे कसं पोहोचायचं, हा प्रश्न आपल्याच लोकांनी सोडवायचा आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेत सिकलसेलसाठी देशी जीन एडिटिंगचं काम चालू आहे. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलिया 'ए'च्या (यात रक्त नीट गोठत नाही) पाच रुग्णांना त्यांच्याच रक्ताच्या मूलपेशींत जनुक घालून दिलं गेलं आणि त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. तुम्हाला रक्तात रस असेल, तर ही दोन नावं आजच लिहून ठेवा.

डोळ्याचं उदाहरण मला फार आवडतं. बुबुळाच्या काठावर, पांढरा भाग सुरू होतो तिथे, लिंबस नावाचं अरुंद कडं असतं. कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, वरचा थर सतत नवा ठेवणाऱ्या मूलपेशी त्यात राहतात. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलाच्या हातात फुटली आणि चुना डोळ्यात गेला, की हे कडं जळतं आणि बुबुळावर पांढरट पडदा चढतो. आपल्याकडे अशी मुलं खरोखर येतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक सोपी शस्त्रक्रिया मांडली. चांगल्या डोळ्याच्या लिंबसचा एक इवलासा तुकडा घ्यायचा, त्याचे बारीक कण करायचे आणि जखमी डोळ्यावर गर्भवेष्टनाचा (गर्भाभोवतीच्या पिशवीचा) पातळ पापुद्रा लावून त्यावर ते फायब्रिन ग्लू या जैविक गोंदाने चिकटवायचे. पेशी तिथेच वाढतात. वेगळी पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा लागत नाही, म्हणून खर्चही बराच कमी. मोठ्या यंत्रांचं कौतुक करणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हा पेपर आधी देते.

आता रोजच्या कामाबद्दल. मी काही वर्षं आयपीएस पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेल्या मूलपेशींवर, काम केलं. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा भ्रूणासारख्या अवस्थेत नेलं, पुढच्या वर्षी माणसाच्या पेशींतही ते जमलं, आणि 2012 ला नोबेल मिळालं. वाचायला हे थरारक आहे. टेबलाशी बसल्यावर मात्र या पेशींचं मीडियम (पोषक द्रव) जवळपास रोज बदलावं लागतं. मग रविवार असो, गणपती असोत की घरचं लग्न. डिशला मॅट्रिजेलचा (पेशींना धरून ठेवणाऱ्या जेलचा) लेप द्यायचा तर ते बर्फावरच हाताळायचं, पिपेटची टिपसुद्धा गार हवी, नाहीतर हातातच त्याचं जेल होतं. सूक्ष्मदर्शकाखाली चांगली कॉलनी खसखस दाटून पसरल्यासारखी दिसते: पेशी लहान, एकमेकींना चिकटलेल्या, कडा स्वच्छ. कडेला एखादी पेशी लांबट, पसरट व्हायला लागली की समजायचं, ती भरकटली. तेवढा भाग खरवडून टाकायचा. हा फरक फोटो बघून येत नाही. सीनियरच्या शेजारी बसून, एकाच डिशकडे दोघांनी आळीपाळीने बघून येतो. जॉइन झाल्यावर पहिल्या महिन्यात प्रयोगाची घाई न करता ही नजर मागून घ्या.

आणि दोन सवयी पहिल्या दिवसापासून. मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूची तपासणी नेमाने करा, कारण त्याने मीडियम गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त निष्कर्ष बिघडतात. दुसरं म्हणजे कमी पॅसेजच्या (म्हणजे एका डिशमधून दुसरीत कमी वेळा हलवलेल्या) पेशी लवकर गोठवून द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा आणि गुणसूत्रं अधूनमधून तपासून घ्या. दीर्घकाळ वाढवलेल्या आयपीएसमध्ये 20 व्या गुणसूत्राचा काही भाग दुप्पट होणं नेहमी दिसतं. अशा पेशी जास्त जोमाने वाढतात, म्हणून पोरं खूश होतात. खूश व्हायचं कारण नसतं.

प्रवेशाचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट, डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) बेट, आयसीएमआरची जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती), गेट आणि टीआयएफआर-एनसीबीएसची जेजीबिल्स या मुख्य परीक्षा. जेआरएफला सध्या महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. आधी घरच्यांना हा आकडा सांगा, पुष्कळ वाद मिटतात. कामासाठी संस्था म्हणाल तर पुण्यात पेशीविज्ञानाची एनसीसीएस आणि आयसर, परळला आयसीएमआरची प्रजनन आरोग्य संस्था (भ्रूणाच्या मूलपेशींच्या केआयएनडी1 आणि केआयएनडी2 या ओळी, म्हणजे सतत वाढत ठेवलेले पेशींचे वंश, तिथेच तयार झाल्या), खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक, बंगळूरला मूलपेशींवर काम करणारी इनस्टेम. पीएचडी करायचीच असं नाही. पेशी-उपचारांचं उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना गुणवत्ता तपासणी आणि क्लीनरूममध्ये (निर्जंतुक खोलीत) काम करणारी माणसं हवी असतात, आणि एमएस्सीनंतर तिथे चांगलं करिअर होतं. तिथे हातापेक्षा कागद जास्त चालतो; प्रत्येक पायरीची नोंद, सही, तारीख. ज्यांना ते जाच वाटतं त्यांनी संशोधनाकडे वळावं.

एक गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात नसते, पण तुम्ही या क्षेत्रात शिरलात की महिन्याभरात सुरू होते. नातेवाइकांचे फोन. कुणाच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी, कुणाला ऑटिझम, कुणाच्या वडिलांना पार्किन्सन्स, आणि कुठल्यातरी क्लिनिकने लाखोंचं पॅकेज सांगितलेलं. "ताई, तू यातलीच आहेस, करू का?" शेत विकायला निघालेल्या एका काकांशी मी रात्री उशिरापर्यंत बोलले आहे. अशा वेळी उडवाउडवी करू नका आणि खोटी आशाही देऊ नका. नियम स्पष्ट आहे: आयसीएमआर-डीबीटीच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ठरावीक आजारांतलं रक्ताच्या मूलपेशींचं प्रत्यारोपण वगळता बाकी वापर मान्यताप्राप्त क्लिनिकल ट्रायलमध्येच व्हायला हवा. 2019 च्या औषध व चाचणी नियमांत मूलपेशींपासून बनवलेली उत्पादनं नवीन औषध धरली जातात, म्हणजे औषध नियंत्रकांची परवानगी लागते. बर्जर्स आजारातल्या (यात पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात) पायाच्या जखमांसाठी बंगळूरच्या एका कंपनीच्या उत्पादनाला अशी परवानगी मिळालेली आहे, म्हणजे सरळ वाटेने जाता येतं.

मी घरच्यांना तीन गोष्टी विचारायला सांगते. ट्रायल सीटीआरआयच्या (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीच्या) संकेतस्थळावर नोंदलेली आहे का, नोंदणी क्रमांक काय? एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं संमतिपत्र मराठीत देता का? आणि ट्रायल असेल तर माझ्याकडून उपचाराचे पैसे कशासाठी घेता? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक ठिकाणी बोलणं संपतं. फोन ठेवण्याआधी मुलाच्या फिजिओथेरपीची चौकशी करा, ती चालू ठेवायला सांगा. पैसे भरायच्या गडबडीत नेमकी तीच बंद पडलेली असते.

इंटर्नशिपसाठी लिहिताना 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' लिहून पन्नास जणांना एकच ईमेल धाडू नका. त्या लॅबचा अलीकडचा एक पेपर वाचा, त्यातली एक आकृती निवडा आणि तिच्याबद्दल खरोखर पडलेला प्रश्न चार ओळींत विचारा. डिसेंबरमध्ये लिहिलंत तर उन्हाळ्याच्या जागा मिळतात. एप्रिलमध्ये बहुतेक भरलेल्या असतात. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर त्याच ईमेलखाली नम्रपणे एकदा आठवण करा.