बिनमिठाचा वॉटर कंडिशनर: घेण्याआधी, बसवताना आणि बसवल्यावर

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या न्हाणीतला गिझर आवाज करायला लागला. बटण दाबलं की दोन मिनिटांत आत तडतड सुरू, जणू कढईतल्या वाळूत कोणी शेंगदाणे भाजतंय. प्लंबरने खालची प्लेट उघडून हीटिंग एलिमेंट बाहेर काढलं. हरमलच्या खडपांवर कालवं चिकटलेली असतात ना, अगदी तसा खरखरीत, थरावर थर चढलेला पांढरा लेप त्यावर होता. नखाने तो निघेना. मी सुरीच्या टोकाने एक खपली काढली आणि वाटीतल्या माडाच्या व्हिनेगरमध्ये टाकली. लगेच फसफसून बुडबुडे आले. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, शिंपल्याच्या कवचात असतं तेच.

मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पण घरातल्या पाण्याकडे त्या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं. नंतर आम्ही बिनमिठाचा वॉटर कंडिशनर बसवला, म्हणजे मीठ न वापरता असा थर गिझरमध्ये घट्ट बसू न देणारं यंत्र. गोव्यातल्या आमच्या मांद्र्याच्या घरी आणि भावाच्या डिचोलीच्या घरी मिळून त्याबद्दल जे शिकले, ते सगळं इथे लिहिते आहे. डिचोलीत पैसे वाया गेले. तसे तुमचे जाऊ नयेत, म्हणून तेही सांगते.

आधी पाणी तपासा

गोव्यात हे जास्तच गरजेचं आहे, कारण इथलं सगळंच पाणी जड, म्हणजे कॅल्शियमचे क्षार जास्त असलेलं, नसतं. जांभ्या दगडाच्या भागातल्या विहिरींचं पाणी बहुतेक वेळा मऊ, किंचित आंबट आणि लोहाचं असतं. ओपा, अस्नोडा, चांदेल, साळावली इथून येणारं नळाचं पाणी नदी-धरणाचं. ते ज्यांच्याकडे पुरेसं येतं, त्यांना या यंत्राची गरज सहसा पडणार नाही. जड पाण्याचा त्रास होतो तो काही बोअरवेलना आणि समुद्राकाठच्या विहिरींना, जिथे वाळूत शिंपल्यांचा चुरा मिसळलेला असतो. आमची बोअर त्यातलीच.

तपासायला थेंबांचं किट मिळतं, आणि ते घरी सहज वापरता येतं. ठरलेल्या मापाचं पाणी बाटलीत घ्यायचं, रंगाची पूड टाकायची, पाणी वाइनसारखं लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतलं द्रावण थेंब थेंब मोजत टाकायचं. ज्या थेंबाला लाल जाऊन स्वच्छ निळा रंग येतो, तिथे थांबायचं आणि थेंबांच्या संख्येला किटवर दिलेल्या आकड्याने गुणायचं. आमच्या पाण्याचा जडपणा आला लिटरला ३४० मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, स्वीकारार्ह मर्यादा २०० आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. परदेशी यंत्रांच्या माहितीपत्रकात हा आकडा ग्रेनमध्ये असतो. गॅलनला एक ग्रेन म्हणजे लिटरला साधारण १७ मिलिग्रॅम. १२० च्या आत आकडा आला तर यंत्रावर खर्च करू नका, वर्षातून एकदा गिझर साफ करून घेतला तरी पुष्कळ.

तपासणी मे महिन्यात करा. जूनमध्ये पाऊस लागला की विहिरीचं पाणी पातळ होतं आणि आकडा फसवा येतो. मे महिन्यात पाणी जिभेला खारट लागत असेल तर मात्र तो आजार वेगळा. तिथे मिठाचं पाणी आत शिरलेलं असतं आणि त्यावर कंडिशनरचा काही उपयोग नाही.

दुसरी तपासणी लोहाची. संध्याकाळी विहिरीचं पाणी बादलीत काढून ठेवा. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला, किंवा त्याच पाण्याचा चहा काळपट झाला, तर लोह आहे. कंडिशनरला सहसा लिटरला ०.३ मिलिग्रॅमहून जास्त लोह चालत नाही आणि पाण्याचा पीएच ६.५ ते ८.५ च्या दरम्यान लागतो. हे दोन आकडे प्रयोगशाळेतूनच करून घ्या.

डिचोलीला आम्ही इथेच चुकलो. विक्रेत्याने नळाखाली टीडीएस मीटर धरला, आकडा दाखवला, "पाणी जड आहे" म्हणाला आणि यंत्र बसवून गेला. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून, त्यातलं कॅल्शियम किती हे मीटर सांगत नाही. पाच महिन्यांनी भावाने यंत्राची टाकी उघडली तेव्हा आतले पांढरे दाणे गेरूत घोळल्यासारखे तांबडे झाले होते. दाण्यांवर लोहाचं पुट चढलं की त्यांचं काम संपतं, आणि धुऊन ते परत मिळत नाहीत. भावाला खरी गरज होती लोह काढणाऱ्या फिल्टरची.

हे यंत्र काय करतं आणि काय करत नाही

जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि न विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट मागे उरतं. त्याला बसायला जागा लागते, आणि सगळ्यात जवळची तापलेली जागा म्हणजे एलिमेंट. कंडिशनरच्या टाकीत मोहरीहून बारीक दाणे असतात. त्यांच्या पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात, सुटतात आणि पाण्याबरोबर वाहत जातात. पुढे गिझरमध्ये पाणी तापलं की नवा क्षार धातूऐवजी या तरंगत्या स्फटिकांवर बसतो आणि नळातून निघून जातो. या पद्धतीचं नाव टेम्प्लेट असिस्टेड क्रिस्टलायझेशन, थोडक्यात टॅक. विकत घेताना हाच शब्द विचारा. 'सॉल्ट-फ्री' नावाखाली पाइपला गुंडाळायची लोहचुंबकं आणि विजेच्या तारांची वेटोळीही विकली जातात. अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत जर्मनीच्या डब्ल्यू ५१२ या क्षाराचा थर मोजणाऱ्या चाचणीच्या धर्तीवर काही बिनमिठाच्या प्रकारांची तुलना झाली होती, त्यांत टॅक सगळ्यांत सरस ठरलं.

कॅल्शियम पाण्यातून जात नाही, हे मात्र घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. शाळेच्या पुस्तकात आपण 'दुष्फेन पाणी' शिकलो, ज्यात साबणाला फेस येत नाही. ते दुष्फेनच राहतं. केस मऊ होणार नाहीत, डाळ लवकर शिजणार नाही. थेंबांचं किट आधी ३४० दाखवत होतं, नंतरही ३४० च दाखवतं. टीडीएसही तेवढाच. आमचा प्लंबर मीटर घेऊन बसला होता, म्हणाला, "बाई, हो आंकडो हालना." तो हलणारच नाही, त्याला सांगितलं. जंतूही मरत नाहीत, त्यामुळे पिण्याचं पाणी पूर्वीसारखंच उकळा किंवा गाळा.

फेसही हवा असेल तर मिठावर चालणारा सॉफ्टनरच घ्यावा लागतो. तो कॅल्शियम काढून घेतो आणि त्या जागी सोडियम सोडतो. मी तो घेतला नाही, याची कारणं दोन. सासूबाईंना रक्तदाब आहे, त्यांच्या पाण्यात सोडियम वाढवायचं नव्हतं. आणि सॉफ्टनर दर काही दिवसांनी स्वतःला धुताना मिठाचं पाणी बाहेर टाकतो. आमच्या न्हाणीचं सगळं पाणी परसात जातं, केळीच्या आळ्यात आणि तिथून पोफळींना. माडाला मीठ चालतं, आपल्याकडे मुद्दाम घालतातही. केळ आणि पोफळ मिठाने पानाच्या कडेपासून करपत जाते. बागेत पाणी सोडणाऱ्या प्रत्येक घराने हा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

बसवणं

माप ठरतं ते मिनिटाला किती पाणी लागतं यावर. माणसं किती यावर नाही. २० लिटरची बादली प्रत्येक नळाखाली ठेवून भरायला लागणारे सेकंद मोजा. चवथीला घर भरलेलं असतं तेव्हा एकाच वेळी जे नळ उघडे राहतात, त्यांची बेरीज करा. आमची २४ लिटर आली, आम्ही ३० लिटरचं यंत्र घेतलं.

मग दाब. दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. आमच्या टाकीचा तळ शॉवरच्या चार मीटर वर, म्हणजे दाब जेमतेम ०.४ बार, आणि यंत्राला लागतो किमान एक. त्यामुळे टाकीच्या खाली प्रेशर पंप लावावा लागला. हा खर्च विक्रेते आधी बोलत नाहीत, तुम्ही विचारून घ्या.

यंत्र वरच्या टाकीकडे चढणाऱ्या पाइपवर बसवू नका. टाकीतून खाली उतरणाऱ्या मुख्य पाइपवर, गिझरचा फाटा फुटण्याआधी बसवा. तयार झालेले स्फटिक साठवून ठेवण्यापेक्षा लगेच वापरात जावेत. बागेचा नळ आणि संडासाची टाकी त्याच्या अलीकडून वेगळी काढा. म्हणजे टाकी, मग पंप, मग २० मायक्रॉनचा गाळ फिल्टर, मग कंडिशनर, मग घर, असा क्रम.

जागा सावलीची हवी. उन्हात टाकीत शेवाळ धरतं. आम्ही मागच्या पडवीत, पावसाची झड लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवलं. चिऱ्याच्या भिंतीला फास्टनर मारून टाकी टांगू नका. चिरा भुसभुशीत असतो आणि भरलेल्या टाकीचं वजन बरंच होतं. खाली सिमेंटचा वीतभर कट्टा करा.

तीन वॉल्वचा बायपास, म्हणजे यंत्राला वगळून पाणी पुढे नेणारी वाट, काढायलाच हवा. एक वॉल्व यंत्रात जाणाऱ्या पाइपवर, एक बाहेर येणाऱ्यावर, एक दोघांना थेट जोडणाऱ्यावर. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे फिरवून सुटणारे सांधे, लावा, म्हणजे यंत्र काढताना पाइप कापावा लागत नाही. सीपीव्हीसीचे सांधे चिकटवले की पूर्ण सुकू द्या, आणि पहिलं पाणी बायपासमधून सोडून पाइप धुऊन घ्या. गोंदाचा वास आणि पाइप कापताना पडलेला कीस दाण्यांपर्यंत जाता कामा नये.

टाकीवरचा बाण बघून जोडा. यात पाणी खालून वर जातं आणि दाणे त्यात तरंगत फिरतात, म्हणून टाकी अर्ध्याहून रिकामी दिसते. कमी भरून दिली असं समजू नका. पहिल्यांदा आत जाणारा वॉल्व पाव भागच उघडा. पाणी हळूहळू चढू द्या, हवा निघू द्या. एकदम उघडला तर सगळे दाणे उचलले जाऊन वरच्या जाळीला चिकटतात. दहा मिनिटं पाणी बाहेर सोडून मग घराकडचा वॉल्व उघडा.

पहिले दोन महिने

नळातून बारीक पांढरा कचरा येईल, घाबरू नका. जुना थर हळूहळू सुटत असतो. दर आठवड्याला नळांच्या आणि शॉवरच्या जाळ्या काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवा. गिझरचा एमसीबी पाडून, पाणी थंड होऊ देऊन, खालच्या वॉल्वमधून तळाचा गाळ एकदा काढून टाका.

काम होतंय की नाही हे बघायला मी एक सोपी पद्धत ठेवली आहे. स्टीलची दोन सारखी पातेली. एकात बागेच्या नळाचं पाणी, एकात घरातलं. दोन्ही आटेपर्यंत उकळायची. पांढरं दोन्हींत उरतं, पण बागेच्या पाण्याचं पातेलं घासणीने खरवडावं लागतं आणि घरातल्याची पूड ओल्या फडक्याने पुसली जाते. नोव्हेंबरमध्ये गिझर पुन्हा उघडला. एलिमेंटवर पिठासारखी पातळ भुकटी होती, बोट फिरवलं की खाली तांबं दिसत होतं.

नळाभोवती वाळलेल्या थेंबांचे डाग पडत राहतातच. पुसले की जातात, पण पुसावे लागतात.

देखभाल म्हणाल तर गाळ फिल्टरची कांडी दर तीन-चार महिन्यांनी, पावसाळ्यात त्याहून लवकर बदला. दाणे साधारण तीन वर्षं चालतात. तारीख मी टाकीवरच मार्करने लिहून ठेवली आहे. वीज फक्त पंपाला लागते.

पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर घालतात, तेव्हा हे लक्षात ठेवाच. दाण्यांना लिटरला तीन मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोरीन सोसत नाही. पावडर घालण्याच्या आदल्या संध्याकाळी बायपास उघडा आणि यंत्राचे दोन्ही वॉल्व बंद करा. पाण्याचा वास पूर्ण गेला, वरची टाकीही एकदा रिकामी होऊन भरली, की मग यंत्र पुन्हा चालू करा. तेव्हाही वॉल्व पाव भागच उघडून.