झेरॉक्सच्या दुकानात राहिलेलं माझं आधार

भाडेकरारासाठी आधारची प्रिंट हवी होती, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. नेहमीसारखी पीडीएफ दुकानाच्या व्हॉट्सॲपवर टाकली. काकांनी डाउनलोड्सचा फोल्डर उघडला आणि मी स्क्रीनकडे बघतच राहिलो. कुणाचं पॅनकार्ड, कुणाची मार्कशीट, कुणाच्या पासबुकाचं पहिलं पान. त्यातच माझं गेल्या वर्षीचं आधार! तेव्हा मी आठवणीने ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं होतं. पण संगणकावर एकदा उतरलेली फाइल त्याने जात नाही.

“काका, माझ्या फाइली काढून टाकू का?”

काका भला माणूस, माऊसच माझ्या हातात दिला. दोन्ही फाइली काढल्या, त्यांना विचारून रिसायकल बिनही रिकामा केला.

घरी येऊन यूआयडीएआय, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवरून मास्क्ड आधार उतरवलं. त्यात १२ पैकी शेवटचे ४ आकडेच दिसतात. बहुतेक ठिकाणी तेवढं चालतं. पीडीएफला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो, आणि हे दोन्ही आपल्या इतर कागदांवर छापलेलं असतंच. लगेच बायोमेट्रिक लॉकही लावलं. आता माझ्या बोटांच्या ठशावर कुणाला आधारची पडताळणी करता येणार नाही. मला स्वतःला लागेल तेव्हा तात्पुरतं उघडता येतं.

आईचंही करायला बसलो, तर आधारला जोडलेला तिचा मोबाइल नंबर जुनाच निघाला. ओटीपी येणार कुठून? सोमवारी तिला घेऊन आधार केंद्रावर जातोय.