टॉर्च कॅमेऱ्याशेजारून मारू नका

इंदूरात कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांभोवती दिव्यांचा इतका लखलखाट असतो, की लाइट पेंटिंगची, म्हणजे अंधारात शटर उघडं ठेवून टॉर्चच्या उजेडाने फोटो रंगवायची, हौस भागवायची तर अमावस्येच्या आसपास शहराबाहेर चोरल गावाच्या बाजूला जावं. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८, शटर ३० सेकंद. सुरुवातीला एवढं पुरे. झाडावर टॉर्च मारून फोकस धरा आणि लगेच फोकस मॅन्युअलवर टाका, नाहीतर लेन्स अंधारात चाचपडत राहते.

खरी मेख दिव्यात आहे. झाड किंवा दगडी भिंत उजळायला पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपासचा टॉर्च घ्या; पांढऱ्याफटक एलईडीत दगड निर्जीव दिसतो. उजेड बाजूने, तिरका टाका, म्हणजे खडबडीतपणा उठून येतो. हात चुना मारल्यासारखा फिरता हवा. थांबला की तिथे डाग. हवेत रेघा काढायच्या तर उलट, दिवा थेट कॅमेऱ्याकडे वळवा. डिमरवर मंद केलेली स्वस्त एलईडी पट्टी मात्र बहुतेकदा तुटक ठिपके उमटवते, कारण ती डोळ्यांना न कळेल इतक्या वेगाने उघडझाप करत असते. काहींना तेच आवडतं म्हणा!

कपडे काळे घाला, म्हणजे फोटोत तुम्ही दिसणार नाही. झुडपात पाय टाकण्याआधी टॉर्च खाली मारा, साप असतात.