अंजन पेरायच्या आधी

केनियात मकुएनी-किटुईकडे उघड्या पडलेल्या चराईवर अंजन गवत पेरायचं असेल तर पहिलं काम नांगराचं नाही, बियाण्याचं. हे तेच सेंक्रस सिलिॲरिस, आपल्याकडे कोरडवाहू रानात चाऱ्याला लावतात ते, तिकडचं मूळचंच. बी घेताना किलोचा भाव सगळे विचारतात, कापणी कधीची ते कोणी विचारत नाही, आणि मागच्या खेपेला माझंही नेमकं हेच राहिलं, पाऊस चांगला होऊन सऱ्या रिकाम्या. ताजं अंजन धड उगवतच नाही, सुप्तावस्थेत असतं, कापणीनंतर निदान सहा महिने कोरड्यात ठेवायला लागतं. तर कापणीचा महिना विचारा आणि नुसत्या सांगण्यावर विसंबू नका. एक केसाळ गोंडा तळहातावर चोळून बघा, कुसळं झडल्यावर बारीक टणक दाणा लागला पाहिजे, कितीतरी गोंडे आतून पोकळच निघतात. मग शंभर गोंडे ओल्या गोणपाटात गुंडाळून दोन आठवडे कोंब मोजा. हे पेरणीच्या महिनाभर आधी करा, बी बदलायला वेळ राहतो.

जमिनीचं म्हणाल तर उताराला आडव्या सऱ्या, बैलनांगराने. वरची खपली फोडल्याशिवाय पाणी मुरत नाही, एक जोराची सर आली की बी मातीसकट वाहून जातं. पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा धरा, तिथे मार्च ते मेपेक्षा तोच भरवशाचा, आणि तो लागायच्या थोडं आधी कोरड्यातच पेरून टाका. एकरी दोनेक किलो. बी वाऱ्यावर उडतं आणि एकमेकांत अडकतं, म्हणून ओलसर वाळूत कालवून हाताने टाका, वर सेंटिमीटरभर माती बस, खोल गेलं तर वर येत नाही.

गोणपाटाची चाचणी झाली ना? नसेल तर पेरू नका. खरंच नका, अख्खा हंगाम जातो.

कुंपणाला बाभळीच्या काटेरी फांद्या पुरतात पण शेजारच्या गुराख्यांशी आधी बोला, दुष्काळात हिरवं दिसलं की शेळ्या येणारच, त्यांनी तरी काय करावं. पहिल्या हंगामात बी पिकून गळेपर्यंत आत एकही जनावर नको. तण काढा. बी हाताने ओरबाडा, सावलीत वाळवा, पोत्यावर कापणीचा महिना लिहा, प्लास्टिकची पिशवी नको, उंदीर सांभाळा. चरायला कधी सोडायचं ते पुढचा पाऊस बघून.