गावचे बंद घर: कमी खर्चात चोरीपासून बचाव

गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला, तर कोकणातील कितीतरी घरे बंदच असतात. अशा घरासाठी महागडे कुलूप घेण्यापूर्वी कडी-कोयंडा कशावर बसवला आहे ते नीट पाहावे, कारण कुलूप कितीही भक्कम असले तरी आखूड स्क्रूंवरचा कोयंडा जुन्या, वाळवी लागलेल्या लाकडातून पहारीने सहज उचकटतो. त्या स्क्रूंच्या जागी फळीच्या आरपार जाणारे, गुळगुळीत गोल डोक्याचे बोल्ट घालून आतल्या बाजूने वॉशर व नट घट्ट आवळावेत, म्हणजे ते बाहेरून खोलता येत नाहीत. हे काम गावचा सुतार थोडक्या पैशांत करून देतो.

मागील दाराला बाहेरून कुलूप लावूच नये. आतून अडसर घालून पुढच्या दाराने बाहेर पडावे. कौले सरकवूनही आत उतरता येत असल्याने शिडी अंगणात ठेवू नये.

दिवसरात्र जळणारा दिवा घर बंद असल्याचेच सांगतो. त्यापेक्षा हालचाल टिपून पेटणारा सौरदिवा उपयोगी. मात्र माझ्या मते सर्वांत मोलाचा खर्च म्हणजे शेजारच्या कुणाला मोबदला ठरवून देऊन आठवड्यातून एकदा अंगण झाडून घेणे आणि पावसाळ्यानंतर गवत काढून घेणे. पितळेची भांडी, गॅस सिलिंडर व इन्व्हर्टरची बॅटरी विश्वासू नातेवाइकांकडे ठेवावी. परत येताना तुटलेला कोयंडा दिसल्यास आत न शिरता, कशालाही हात न लावता 112 क्रमांकावर पोलिसांना कळवावे.