पाळणाघराच्या दारात मुलाचा निरोप कसा घ्यावा

पाळणाघर निवडून झाले आहे आणि पिशवीत दोन जोड कपडे, डायपर, दुपटे आणि नाव लिहिलेला डबा भरला आहे, असे मी गृहीत धरते. गेली १९ वर्षे मी पुण्यात पाळणाघर चालवते. डब्यात काय द्यावे, पिशवी कशी भरावी याच्या लांबलचक याद्या पालकांना कुठेही मिळतात. पण ज्या दोन मिनिटांवर मुलाचा सारा दिवस अवलंबून असतो, त्यांबद्दल मात्र ‘गुपचूप निघून जा, रडून रडून गप्प बसेल’ एवढेच त्यांच्या कानावर पडते. हा सल्ला वाईट आहे, आणि सुरुवातीची काही वर्षे मी स्वतःही तो देत असे.

पहिला आठवडा

पहिल्या दिवशी तासभर आणि तुम्ही सोबत. मग रोज थोडा वेळ वाढवत आठवड्याच्या शेवटी पूर्ण दिवस. रजा संपण्याच्या आदल्या दिवशी हे सुरू करू नये.

सकाळची माहिती

रात्री झोप कशी झाली, सकाळी काय व किती वाजता खाल्ले आणि एखादे औषध दिले आहे का, या तीनच गोष्टी सांगाव्यात. बाकीचे आम्ही विचारून घेतो.

निरोप

एका मुलीची गोष्ट मला आजही आठवते. ती १४ महिन्यांची होती. मी तिच्या हातात खुळखुळा दिला, ती तो वाजवण्यात रमली आणि माझ्या खुणेसरशी तिची आई मागच्या पावली निघून गेली. मुलीने मान वर केली तेव्हा आई नव्हती. त्या दिवशी ती झोपली नाही आणि दाराजवळच्या चपलांपाशी बसून राहिली. पुढचे तीन आठवडे तो खुळखुळा दिसला तरी ती रडत असे, कारण हातात खेळणे आले की आई नाहीशी होते, एवढेच तिला त्यातून कळले होते. आईला जाताना पाहून रडणारे मूल काही वेळाने शांत होते; आई कधी नाहीशी होईल याचा भरवसाच नसलेले मूल मात्र दिवसभर लक्ष दारावर ठेवून असते, मग त्याचे खाण्यात मन लागत नाही आणि झोपही टिकत नाही.

म्हणून मुलाच्या डोळ्यांत पाहून, त्याला सांगूनच निघावे. आपल्याकडे घरातून निघताना ‘जाते’ म्हणणे अशुभ मानतात, म्हणून सवयीने आई ‘येते हं’ म्हणते. मोठ्यांना त्याचा अर्थ कळतो, पण दोन वर्षांचे मूल तो शब्द जसाच्या तसा घेते आणि दारात वाट पाहत उभे राहते. पाळणाघराच्या दारात ही रीत बाजूला ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘मी ऑफिसला जाते. तुझी झोप झाली, दूध पिऊन झाले, की तुला घ्यायला येते,’ असे म्हणावे. सहा वाजता म्हणजे कधी, हे त्याला कळत नाही. दूध पिऊन झाल्यावर म्हणजे कधी, हे कळते. ‘लगेच येते’ किंवा ‘खाऊ घेऊन येते’ असे कधीही म्हणू नये, कारण ते खोटे आहे आणि तो खोटेपणा दिवसभर आम्हाला निभवावा लागतो.

त्यानंतर मूल तुम्ही स्वतः आमच्या कडेवर द्यावे. पुष्कळ आया मुलाला घट्ट धरून उभ्या राहतात आणि मावशींनी त्याला ओढून घ्यावे अशी अपेक्षा करतात. तसे केले की मुलाच्या दृष्टीने मावशी म्हणजे आईपासून तोडणारी बाई ठरते, आणि पुढचे नऊ तास त्याला तिच्याच मांडीवर काढायचे असतात. आईने आपल्या हातांनी दिले, तर हे माणूस आईच्या विश्वासातले आहे, एवढे त्याला समजते.

एकदा निरोप घेतला की परत फिरू नये. रडणे ऐकून जिन्यातून माघारी आलेल्या आईला पुन्हा निघावे लागते आणि दुसरे रडणे पहिल्यापेक्षा मोठे असते. खिडकीआड उभे राहूनही पाहू नये. एका मुलाला आजोबांची छत्री गजांपलीकडे दिसली आणि त्या सकाळी पाऊण तास त्याने कोणालाच जवळ येऊ दिले नाही. आमच्याकडे बहुतेक मुले पाच-दहा मिनिटांत शांत होतात. अर्ध्या तासाने फोन करा, आम्ही खरे तेच सांगू.

सहाव्या महिन्यात हसत येणारे मूल आठव्या-नवव्या महिन्यात एकाएकी रडू लागले, तर लगेच आमच्यावर संशय घेऊ नये. आपले माणूस आणि परके माणूस यांतला फरक त्याला याच सुमारास नीट कळू लागतो. आईची २६ आठवड्यांची रजा संपते आणि दोन-तीन महिन्यांत हे रडणे सुरू होते, त्यामुळे दोष पाळणाघराच्या माथी येतो. निरोपाची पद्धत तीच ठेवावी, वेळ वाढवू नये.

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीपासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून ४ वेळा तिथे जाता येते. ही सवलत जरूर घ्यावी, पण प्रत्येक भेटीनंतर एक नवा निरोप असतो, हे लक्षात ठेवून त्या भेटी दूध पाजण्याच्या वेळांशी बांधाव्यात.

आजारपण

सकाळी सात वाजता पॅरासिटामॉलचे सिरप पाजून आणलेले मूल आमच्या हाती येते तेव्हा थंड असते आणि अकरा-बाराच्या सुमारास तापाने फणफणते. तोवर ते सगळ्यांसोबत खेळलेले असते. औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नसेल, तरच मूल आणावे. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत आणू नये. तुमच्या रजेची अडचण मला समजते, पण त्याच सतरंजीवर सात महिन्यांचे बाळही झोपलेले असते.

संध्याकाळ

वेळेवर या, उशीर होणार असेल तर आधी कळवा. तुम्हाला पाहताच मूल रडू लागले, तर दिवसभर धरून ठेवलेले मन ते मोकळे करत आहे, असे समजा. त्या वेळी ‘मावशी ओरडली का रे?’ असे त्याला आमच्यासमोर विचारू नका. शंका असेल तर मूल बाजूला असताना आम्हाला थेट विचारा. आम्ही राग मानणार नाही.

शेवटचा दिवस

शाळा सुरू होते, घर बदलते आणि ‘उद्यापासून येणार नाही’ असा निरोप फोनवर मिळतो. तसे करू नका. आठवडाभर आधी सांगा आणि शेवटच्या दिवशी मुलाला घेऊन या. दोन-तीन वर्षे एकत्र जेवलेली मुले पुढचे कित्येक दिवस त्याची वाटी आपल्या शेजारी मांडत राहतात आणि तो कधी येणार, असे आम्हाला विचारतात.