गरोदरपणात लघवी सुटते, त्याची तयारी

शिंक आली, खोकला आला, खळखळून हसू आलं की निकर ओली होते, हे लक्षात आल्यावर पॅड आणायला धावण्याआधी लघवी तपासून घ्या. गरोदरपणात लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग सहज होतो. कधी आग नाही, ताप नाही, काहीच कळत नाही, आणि त्यानेही लघवी आवरत नाही. तो अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत पोचू शकतो आणि दिवस भरण्याआधीच कळा सुरू होण्याचा धोका वाढतो. रुटीन तपासणीबरोबर कल्चरही, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, करायचं का, हे डॉक्टरांना विचारा. नमुना देताना पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार बाटलीत धरायची. सरकारी दवाखान्यात जात असाल, तर पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी हा विषय काढता येईल. पण लघवीला आग होत असेल, रक्त दिसत असेल, थंडी वाजून ताप येत असेल किंवा कमरेच्या वर एका बाजूला दुखत असेल, तर ९ तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी जा.

जाण्याआधी काय बोलायचं ते ठरवून ठेवा. ओपीडीत गर्दी असते, शेजारी सासूबाई नाहीतर नवरा बसलेला असतो, आणि नेमकं हेच सांगायचं राहून जातं. सलग तीन दिवस एका कागदावर लिहा: किती पाणी प्यायलं, किती वेळा लघवीला गेलात, केव्हा सुटली आणि तेव्हा काय करत होतात. खोकताना किंवा वजन उचलताना थेंब जाणं वेगळं, आणि एकदम जोराची लागून बाथरूमच्या दारापर्यंतही न पोचणं वेगळं. दोन्हींवर करायच्या गोष्टीही थोड्या वेगळ्या आहेत. तोंडाने सांगायला संकोच वाटला तर कागद पुढे सरकवा. गरोदरपणात निदान तीनातल्या एकीला हा त्रास होतो, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांना यात नवीन काही नसतं.

लघवी आणि पाणी जाणं यातला फरक घरातल्या सगळ्यांना आधीच माहीत असायला हवा. लघवी पिवळसर असते, तिला वास असतो आणि ती बहुतेक वेळा खोकल्या-शिंकल्यावर जाते. गर्भाशयातलं पाणी फिकट असतं, त्याला लघवीचा वास नसतो, आणि आवळून धरलं तरी ते थांबत नाही, झिरपत राहतं. शंका आली तर पांढरा कोरडा पॅड लावा, अर्धा तास कुशीवर पडा, मग उभ्या राहून बघा. उठल्याबरोबर पुन्हा भळकन आलं तर दवाखाना गाठा. दिवस भरलेले नसतील, पाणी हिरवट, तपकिरी किंवा लालसर असेल, किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल, तर अर्धा तासही थांबू नका. गरोदर बाईला दवाखान्यात नेण्यासाठी १०२ क्रमांकाची गाडी मोफत मिळते. तो क्रमांक आणि १०८ हे दोन्ही घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आजच घालून ठेवा.

आता मुख्य कामाकडे वळू. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशयाचा शेवट हे सगळं तिने खालून तोलून धरलेलं असतं, आणि लघवीची वाट बंद ठेवायलाही तीच मदत करते. गरोदरपणातल्या संप्रेरकांनी हे स्नायू आणि त्यांना धरणारे बंध सैल पडतात, वरून बाळाचं आणि गर्भाशयाचं वजन महिन्यागणिक वाढत जातं. शेवटच्या आठवड्यांत बाळाचं डोकं खाली उतरलं की मूत्राशयाला जागाच उरत नाही. हे तुमच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नाही. पण त्या स्नायूंना बळ देणं मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये यासाठीचे व्यायाम मांडले. आजही पहिला उपचार म्हणून तेच सांगितले जातात, आणि त्यांना एक रुपयाही खर्च येत नाही.

व्यायाम करायचा तो असा. कुशीवर पडा किंवा खुर्चीत सैल बसा. वारा सरणार आहे आणि लघवीही लागली आहे, दोन्ही एकदम रोखायचंय, असं समजून खालचा भाग आत आणि वर ओढा. पोट, मांड्या, कुल्ले घट्ट होता कामा नयेत आणि श्वास चालू राहिला पाहिजे. मोजणं तोंडाने मोठ्याने केलंत तर श्वास आपोआप चालू राहतो. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरता आलं तरी पुरे. काही आठवड्यांत दहा सेकंदांपर्यंत न्या. मग पूर्ण सोडा, आणि धरलं तेवढाच वेळ सैल राहू द्या. हे सोडणं बायका विसरतात, आणि ते आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे, कारण बाळंतपणात तेच स्नायू सैल सोडायचे असतात. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. शेवटी दर वेळी आठ-दहा झटपट आवळ-सोड करा. सकाळी दात घासून झाल्यावर, दुपारी जेवणानंतर, रात्री अंथरुणावर, अशी रोजच्या एखाद्या कामाशी वेळ बांधून टाकलीत तर चुकणार नाही. आधी पडून, मग बसून, मग उभ्याने, या क्रमाने अवघड करत जा, कारण शिंक येते तेव्हा आपण बहुधा उभ्याच असतो.

लघवी करता करता मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नका. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि संसर्गाला वाव मिळतो. फरक पडायला वेळ लागतो, तीन महिने तरी नेटाने करावं लागतं. म्हणून मी म्हणते की अजून एक थेंबही सुटत नसेल तरी पहिल्या महिन्यांतच सुरू करा. कोरड्या असतानाच लवकर सुरुवात करणाऱ्या बायांना शेवटच्या महिन्यांत हा त्रास कमी होतो, असं अभ्यासांतून दिसलेलं आहे. रक्तस्राव होत असेल, वार (प्लासेंटा) खाली असेल किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. आवळताना दुखत असेल, काही कळतच नसेल किंवा उलट खाली जोर दिला जातोय असं वाटत असेल, तर बायकांच्या अशा तक्रारींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट गाठा. काहींचे हे स्नायू आधीच ताठरलेले असतात. त्यांनी आणखी आवळत राहून भागत नाही, त्यांना आधी सैल सोडायलाच शिकावं लागतं.

लगेच उपयोगी पडणारी एक युक्तीही शिकून ठेवा. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की येण्याआधीच खालचे स्नायू आवळायचे आणि शिंक संपेपर्यंत धरायचे. शक्य असेल तर पाय जवळ घ्या, थोडं पुढे वाका. पाण्याची बादली, मोठं मूल, गॅसचा सिलिंडर, काहीही उचलताना हेच करा, आणि उचलण्याच्या क्षणी श्वास बाहेर सोडा. जड वस्तू शक्यतो उचलूच नका, हे सगळेच सांगतात. पण ऊसतोडीच्या फडावर डोक्यावर मोळी घेणाऱ्या बाईला, किंवा उन्हाळ्यात दोन-दोन हंडे वाहणाऱ्या बाईला ते नुसतं सांगून काय उपयोग? तिच्या घरच्यांनी निदान या महिन्यांत तो हंडा आपल्या डोक्यावर घ्यायला हवा, तो घरच्यांच्या तयारीचा भाग आहे. खोकला रेंगाळला असेल, तर तो अंगावर न काढता त्यावरही औषध घ्या, कारण रोजच्या खोकल्याने झोळीवर दिवसभर दणके बसत राहतात.

पाणी कमी करू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण जवळपास प्रत्येकीच्या मनात तेच पहिल्यांदा येतं. पाणी तोडलं की लघवी गडद होते, मूत्राशयाला टोचते, अधिकच लागल्यासारखी होते, संसर्ग होतो, आणि वर पोटही साफ होत नाही. दिवसभरात साधारण दोन ते अडीच लिटर पाणी थोडं थोडं प्या, उन्हाळ्यात जास्त. झोपायच्या दोन तास आधी कमी करा, एवढीच सवलत. चहा-कॉफीने लघवी वारंवार लागते. त्यातलं कॅफिन गरोदरपणात तसंही दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात, तेव्हा दुपारचा चहा सोडता आला तर बघा.

पोट साफ राहणं ही लघवीइतकीच मोठी गोष्ट आहे. लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून १८० दिवस घ्यायच्या असतात आणि त्यांनी अनेकींचं पोट बिघडतं. गोळ्या बंद करू नका, गोळी बदलून मिळते का ते विचारा. कोंड्यासकट कणकेची पोळी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाज्या, भिजवलेल्या मनुका, पेरू हे खाण्यात ठेवा, इसबगोल डॉक्टरांना विचारून घ्या. कुंथल्याने ते सैल पडलेले स्नायू आणखी खाली ढकलले जातात. कमोडवर बसताना पायाखाली लाकडी पाट घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि जोर लावावा लागत नाही. भारतीय पद्धतीच्या संडासात उठता-बसताना धरायला भिंतीत एक दांडा आताच बसवून घ्या. सातव्या महिन्यानंतर त्याची गरज कळते.

सामानात लघवीसाठीचे पॅड आणा. मेडिकलमध्ये तेच शब्द वापरून मागा. पाळीचे पॅड लघवीची धार तितक्या लवकर शोषून घेत नाहीत, चालवून घ्यायचेच असतील तर ओले झाले की लगेच बदला. सुती घड्याही चालतात, पण उन्हात कडक वाळलेल्याच वापरायच्या. सुवासिक पॅड नको. धुताना नुसतं पाणी पुरे, पुसताना पुढून मागे, मग टिपून कोरडं करून जांघेत पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा, टाल्कम पावडर नको. पर्समध्ये दोन पॅड, एक निकर आणि झिपची एक पिशवी कायम ठेवा. सलवारच्या आणि परकराच्या नाडीची गाठ नेमकी घाईत सुटत नाही, म्हणून या महिन्यांत इलॅस्टिक बरं. गादीवर चादरीखाली मेणकापड घाला, बाळ आल्यावरही ते लागणारच आहे. रात्री बाथरूमपर्यंत दिवा राहू द्या, आणि जमीन कोरडी ठेवण्याची जबाबदारी घरातल्या एकावर टाका. लघवीच्या घाईत ओल्या फरशीवर पाय घसरणं सगळ्यात वाईट.

प्रवासाचा विचार वेगळा करावा लागतो. मुंबईच्या लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं, म्हणून गाडी पकडण्याआधी स्टेशनावरचं स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवा. बायकांना बाहेर स्वच्छ आणि फुकट मुतारी मिळावी, यासाठी मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ चालली आहे. ती का लागली, हे गरोदर बाईइतकं कुणाला कळणार! एसटीने जाताना दाराजवळची जागा मागा आणि बस कुठे थांबणार ते कंडक्टरला आधीच विचारा. लांबच्या प्रवासाआधी जाऊन यायचंच, पण घरी असताना ‘असू दे’ म्हणून दर अर्ध्या तासाने जाऊ नका. मूत्राशयाला थोड्याशा लघवीवरच इशारा द्यायची सवय लागते. जोराची लागली तर धावत सुटू नका, जागीच थांबा, पाच-सहा वेळा झटपट आवळा, कळ ओसरली की चालत जा. आणि गेल्यावर पुरी होऊ द्या, थोडं पुढे झुकून क्षणभर थांबून पुन्हा करा. शाळेत, दुकानात, कारखान्यात काम करणाऱ्यांनी मधल्या सुट्टीपर्यंत तुंबवून ठेवू नये. वरिष्ठांना एकदा स्पष्ट सांगा की मला मध्येच जावं लागेल.

माहेरी जाणार असाल तर फाईल, व्यायामाचं वेळापत्रक आणि पॅड सोबत न्या, आणि आईशी हे बोला. कदाचित तीही वर्षानुवर्षं सोसत असेल. ‘बाळंतपणानंतर जातं आपोआप’ असं ती म्हणेल. अनेकींचं जातं, पण काहींचं राहतं, आणि व्यायामाने ते राहण्याची शक्यता कमी होते. बाळंतपणानंतर पोट करकचून बांधण्याचा आग्रह घरात होईल. घट्ट पट्ट्याने वरचा दाब खाली झोळीवरच येतो, म्हणून कितपत बांधायचं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मान्य करू नका. सिझेरियन झालं म्हणजे हा प्रश्न मिटला असंही समजू नका, नऊ महिन्यांचं ओझं त्या स्नायूंनी वाहिलेलंच असतं.

दवाखान्याच्या बॅगेत मोठे पॅड, गडद रंगाच्या सैल निकर आणि गाडीच्या सीटवर टाकायला मेणकापड ठेवा. बाळंतपणानंतर किंवा लघवीची नळी काढल्यानंतर सहा तासांत लघवी झाली नाही, तर नर्सला लगेच सांगा. मूत्राशय ताणलं गेलं तर नंतर बराच काळ त्रास देतं. टाके असले तरी बरं वाटायला लागलं की हलकेच आवळ-सोड सुरू करता येते. खाली काही उतरल्यासारखं किंवा गोळा आल्यासारखं वाटत असेल, शी किंवा वारा आवरत नसेल, तर तपासणीची तारीख यायची वाट पाहू नका. मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला असेल, तर तातडीने रुग्णालयात जा.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला टाके आणि बाळाचं वजन यावरच बोलणं होऊन वेळ संपतो. त्या दिवशी लघवीचा विषय तुम्हीच काढा, आणि तेव्हाही सुटत असेल तर फिजिओथेरपिस्टची तारीख घेऊनच घरी या. तिचं नाव आणि क्रमांक आजच, नववा महिना लागण्याआधी, माता-बाल संरक्षण कार्डाच्या आत लिहून ठेवा.